खडू, भिंत आणि कीथ हॅरिंग

भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या मुलाला आपण घरीं रागावतों आणि शाळेंत शिक्षा करतों. मास्तरकीच्या काळांत मींही तेंच केलें. भिंत खराब होते आणि ती परक्याची असते, एवढीं दोन कारणें त्याला पुरेशीं वाटत. परंतु याच अपराधापासून ज्याच्या कीर्तीचा आरंभ झाला, अशा एका अमेरिकन चित्रकाराचें चरित्र आज आपणांस सांगावयाचें आहे. त्याचें नांव कीथ हॅरिंग.

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरांतील पोरांनीं आपलीं टोपणनांवें भिंतींवर व भुयारी आगगाड्यांच्या डब्यांवर लिहावयास प्रारंभ केला. ‘टाकी १८३’ ही सही तर इतक्या ठिकाणीं झळकली कीं, १९७१ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्राला तिची दखल घ्यावी लागली. पुढें साध्या सहीच्या जागीं रंगाच्या फवाऱ्यानें काढलेलीं डबाभर चित्रें आलीं. ली किन्योनेस, डाँडी, फ्यूचुरा हे या कलेचे अग्रणी. ज्याला कोणी ओळखत नाहीं, त्यानें ‘मी आहें’ असें साऱ्या शहराला ठणकावून सांगावें, हें या लेखनामागचें बळ. शहराच्या अधिकाऱ्यांना मात्र त्यांत केवळ नासधूस दिसली.

हॅरिंग या पोरांमधून पुढें आलेला नव्हे. त्याचा जन्म ४ मे १९५८ रोजीं पेनसिल्व्हेनिया राज्यांत झाला. व्यंगचित्रांचा नाद असलेल्या वडिलांपाशीं त्यानें पहिले धडे गिरविले आणि १९७८ मध्यें कलाशिक्षणासाठीं तो न्यूयॉर्कला आला. १९८० सालीं एका भुयारी स्टेशनांत, मुदत संपलेल्या जाहिरातीवर चिकटविलेला काळा कागद त्याच्या दृष्टीस पडला. तो तडक वर रस्त्यावर गेला, पांढरा खडू विकत घेतला आणि परत येऊन चित्र काढूं लागला. काळा फळा आणि पांढरा खडू! मास्तराला याहून ओळखीची सामुग्री ती कोणती?

खडूची रेघ पुसून सुधारण्यास सवड नव्हती. पोलीस येण्यापूर्वीं चित्र पुरें व्हावयास हवें होतें. म्हणून त्याची रेषा एकटाकी झाली आणि छायाप्रकाशाला फांटा मिळाला. किरणांनीं वेढलेलें रांगतें मूल, भुंकणारा कुत्रा, नाचणारीं माणसें, हीं त्याचीं अक्षरेंच बनलीं. १९८५ पर्यंत त्यानें अशीं शेंकडों चित्रें काढलीं. एखादे दिवशीं चाळीसपर्यंतही. कित्येकदां तो पकडला गेला.

१९८२ मध्यें टोनी शाफ्राझी यांच्या कलादालनांत त्याचें प्रदर्शन भरलें आणि त्याच्या चित्रांना मोठी किंमत येऊं लागली. तेव्हां लोक स्टेशनांतील चित्रें कागदासकट काढून नेऊं लागले! जें सर्वांचें होतें, तें एकेकाच्या घरांत जाऊं लागलें. अखेर त्यानें तें काम सोडलें. १९८६ मध्यें त्यानें ‘पॉप शॉप’ नांवाचें दुकान उघडलें व आपलीं चित्रें सदऱ्यांवर आणि बिल्ल्यांवर छापून विकलीं. कलेचा बाजार मांडला, अशी टीका झाली. परंतु ज्याला मूळ चित्र परवडत नाहीं, त्यालाही तें लाभावें, हा त्याचा हेतु होता. तें दुकान २००५ पर्यंत चाललें.

१९८६ मध्येंच घडलेली एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. क्रॅक नामक कोकेनच्या व्यसनानें न्यूयॉर्कमधील तरुण उद्ध्वस्त होत होते. हॅरिंगनें हार्लेममधील एका क्रीडांगणाच्या भिंतीवर, परवानगी न घेतां, त्या व्यसनाचा धिक्कार करणारें भलें मोठें चित्र काढलें. त्याबद्दल त्याला पकडण्यांत आलें आणि चित्रही पुढें पुसलें गेलें. परंतु नंतर शहराच्या उद्यानखात्यानेंच त्याला पुन्हां पाचारण केलें, आणि त्याच भिंतीवर त्यानें नवें चित्र काढलें. भिंत तीच, हात तोच, संदेशही तोच. एकदां तो अपराध ठरला, दुसऱ्यांदां लोकसेवा!

१९८८ मध्यें त्याला एड्सचें निदान झालें. दुसऱ्या वर्षीं त्यानें मुलांच्या व एड्सविषयक कार्यासाठीं एक निधि स्थापिला, आणि इटलींतील पिसा शहरीं एका धर्ममंदिराच्या भिंतीवर तीस आकृतींचें चित्र रंगविलें. १६ फेब्रुवारी १९९० रोजीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, तो निवर्तला.

भिंत परक्याची असते, हा धडा मी आजही मागें घेत नाहीं. जिची भिंत बिघडते, त्या गृहिणीचा रागही खोटा नसतो. परंतु वर्गाच्या भिंतीवरील कितीतरी रेघा मीं ओल्या फडक्यानें पुसून टाकल्या. त्या कोणाच्या होत्या व त्यांत काय होतें, हें आतां आठवत नाहीं. शिक्षा करावयाची तर खुशाल करावी. पण पुसण्यापूर्वीं एकवार नीट पाहावें, एवढें तरी हॅरिंगच्या चरित्रापासून आपण शिकावें.