हायलँडचा पोशाख आणि राजाची फौज

16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर, राजाचा सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंड याच्या तोफांवर तलवारी उपसून तुटून पडलेली स्कॉटलंडच्या हायलँड प्रदेशातील बंडखोर पहाडी फौज तासाभराच्या आत उधळली गेली. परंतु बंडखोरांच्या पारिपत्याने लंडनच्या सरकारचे समाधान झाले नाही. कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायनिवाड्याचे हक्क खालसा झाले, हत्यारे जप्त झाली, आणि जो कोणी पुरुष हायलँडचा पोशाख अंगावर घालील त्यास पहिल्या अपराधाबद्दल सहा महिने कैद व दुसऱ्याबद्दल सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, असा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला. त्यात एक अपवाद मात्र होता: राजाच्या लष्करी चाकरीत असणाऱ्यास हा निर्बंध लागू नव्हता. गावात जो वेश गुन्हा, तोच छावणीत गणवेश!

या अपवादाचा उपयोग कसा झाला, ते फ्रेझर घराण्यावरून दिसते. राजद्रोहाबद्दल घराण्याचा प्रमुख लॉर्ड लोवॅट याचा 1747 साली शिरच्छेद झाला व त्याची जहागीर सरकारजमा झाली. आणि बंडात स्वतः सामील असलेला त्याचा पुत्र सायमन, माफी मिळाल्यावर, 1757 साली बापाच्याच मुलखातून राजासाठी पलटण उभी करता झाला. 1759 साली ती क्विबेकला लढली ती जेम्स वुल्फच्या हाताखाली, म्हणजे कलोडनला समोरच्या बाजूस असलेल्या मनुष्याच्या. याला लाचारी म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे वतन गेले त्याला ते तलवारीनेच परत मिळवावे लागते, ही गोष्ट आपल्याकडील सरदार घराण्यांना निराळी सांगावयास नको. सायमनला जहागीर 1774 साली परत मिळाली.

पोशाखाची बंदी 1782 साली उठली. पुढे 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर हायलँडच्या 74 आणि 78 क्रमांकाच्या पलटणी उभ्या होत्या. असई गावाच्या बाजूस गेलेली पहिली पलटण शिंद्यांच्या तोफांनी जवळजवळ नामशेष केली, आणि या लढाईचे स्मारक म्हणून दोहोंच्या निशाणांवर हत्तीचे चिन्ह आले.

1822 साली वॉल्टर स्कॉटच्या योजनेने चौथा जॉर्ज खुद्द किल्ट नेसून एडिंबरोत मिरवला, हे थोडे नाटकीच झाले. त्याहून अर्थपूर्ण मला 1881 ची लष्करी पुनर्रचना वाटते. कारण जे सखल प्रदेशातील स्कॉट पहाडी कुळांना लुटारू समजत आले होते, त्यांच्याही पलटणींना तेव्हा टार्टनच्या, म्हणजे पहाडी चौकडीच्या कापडाच्या, विजारी चढवाव्या लागल्या, आणि त्याही सरकारी हुकमाने.