भात्यापाशी बसलेली

विळी, सांडशी, उलथणं, झारा, तवा, अडकित्ता. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या या वस्तू आठवून बघा. यातली एकही दुकानातल्या खोक्यातून आलेली नव्हती. गावच्या लोहारानं ती घडवलेली असायची, आणि बोथट झाली की पुन्हा त्याच्याकडेच जायची. शेताचं तर विचारूच नका. नांगराचा फाळ, कुळवाची फास, विळे, खुरपी, गाडीच्या चाकाची धाव, सगळं तिथंच. पावसाआधीच्या दिवसांत लोहाराच्या दारात फाळ घेऊन आलेल्या माणसांची रांग लागायची. आमच्या सीमाभागात कुणी त्याला लोहार म्हणायचं, कुणी कन्नडमध्ये कम्मार. काम एकच.

आपल्या धर्मकथांमध्ये भगवान आदिनाथांनी माणसांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. यातल्या असि आणि कृषी या दोन्हींना लोखंड लागतं, आणि लोखंडाला आकार देणारा शिल्पात येतो. म्हणजे शेती करणाऱ्या आपल्या समाजाचं लोहारावाचून पान हलत नव्हतं, हे मान्य करायला हरकत नाही.

गावगाड्यात लोहाराचा मान मोठा. बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत तो बसायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली आलं. बलुत्याची ही सगळी रीत समजून घ्यायची तर आजही तेच उघडावं लागतं. लोहाराला दर फाळामागे पैसे मिळत नसत. वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. पीक चांगलं आलं तर त्याचं घर भरायचं, दुष्काळ पडला तर शेतकऱ्याबरोबर तोही उपाशी.

आता अशी लोहारसाळ बघायची तर कोल्हापूरजवळ कणेरी मठावर जावं लागतं. तिथल्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात जुनं गाव माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलंय. बारा बलुतेदार आपापल्या कामात गढलेले दिसतात. बेळगाव-निपाणीकडून निघालेल्या कितीतरी सहली तिथं थांबतात. मुलं फोटो काढतात, आणि आपण त्यांना सांगतो, "हा बघ लोहार."

पण लोहारसाळ एकट्या लोहाराची कधीच नव्हती. त्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं भाता ओढायचा, म्हणजे कोळसे फुलत राहतात. लोखंड लाल झालं की लोहार ते सांडशीत धरून ऐरणीवर ठेवतो आणि हातातल्या लहान हातोड्यानं टोला कुठं हवा ते दाखवतो. त्याच जागी दुसऱ्यानं घण घालायचा. लोखंड थंड व्हायच्या आत हे उरकावं लागतं, बोलायला वेळ नसतो. हे दुसरं माणूस बहुतेक घरांत त्याची बायको. घिसाड्यांच्या पालांवर हे आजही दिसतं. रस्त्याच्या कडेला नवरा बसून विळा धरतो आणि बाई उभी राहून घण घालते. मूल शेजारी झोळीत.

पुढे धारेला पाणी द्यायचं. तापलेलं पातं पाण्यात बुडवायचं, पण नेमकं कधी, हे रंगावरून ठरतं. फार कडक झालं तर पातं तुटतं, मऊ राहिलं तर धार टिकत नाही. तो रंग दिसावा म्हणून साळीत अंधार ठेवायचे. त्या अंधारात, धुरात, विस्तवाशेजारी ती बाई दिवस काढायची आणि मग घरी जाऊन चूल पेटवायची. खळ्यावरचं बलुतं मात्र लोहाराच्या नावानं मोजलं जायचं. १९६५ च्या 'साधी माणसं' या चित्रपटात भालजी पेंढारकरांनी एका लोहार जोडप्याची गोष्ट सांगितली. त्यातलं ऐरणीचं गाणं आपल्याला पाठ असतं, पण ते म्हणणाऱ्या बाईच्या हाताला काम होतं, हे लक्षात राहत नाही.

ही साळ मोडली कशी, याचा एक धागा आपल्या बेळगावातच सापडतो. किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान इथलंच, १८८८ चं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना धास्ती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. पुढे १९१० साली कारखाना औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेला आणि किर्लोस्करवाडी झाली. नांगर कारखान्यातून येऊ लागला. मागाहून गाड्यांना रबरी चाकं आली, धाव बसवायचं काम गेलं. स्वयंपाकघरात स्टील आलं. ट्रॅक्टरनं उरलंसुरलं नेलं. शेतकऱ्याच्या पाठीवरचा भार हलका झाला, हे खरंच. पण लोहाराला कुणी सांगायलाही गेलं नाही. एका सुगीला त्याच्या वाट्याच्या पेंढ्या कमी झाल्या, पुढच्या सुगीला आणखी कमी.

गंमत बघा, त्याच किर्लोस्करांच्या घरातून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. आमच्या आई-मावश्यांच्या पिढीनं ते आवडीनं वाचलं. लोखंडाच्या कारखान्यानं आपल्याला वाचायला दिलं, लिहितंही केलं. भात्यापाशी बसलेल्या बाईची गोष्ट मात्र लिहायची राहून गेली.

ज्यांनी लग्न होऊन आल्या दिवसापासून घण घातला, अशा म्हाताऱ्या बायका आपल्या गावांत अजून आहेत. त्यांच्या तळहातावरचे घट्टे बघायला मिळतील. एक घण किती वजनाचा, दिवसाला किती फाळ व्हायचे, गरोदरपणी काय करायच्या, हे त्यांना विचारून वहीत उतरवून ठेवायला हवं. संग्रहालयातला पुतळा यातलं काही सांगणार नाही.