शनिवार तेल्यांचा दिवा

वसुबारसेला कासारसाईच्या घरी पणत्यांत तेल ओतताना मला माझीच एक चूक आठवते. बेने इस्राएलांवर बोलताना मी ठासून सांगत असे की, कोकणात घाणे चालवणाऱ्या या ज्यू तेल्यांनी तेलाच्या चमत्काराचा सण, हनुक्का, दोन हजार वर्षं जपला. या वाक्याला टाळ्या पडत. ते खरं मात्र नव्हतं.

आधी दिव्याविषयी. जेरुसलेमच्या मंदिरातला मेनोरा सात शाखांचा. बायबलच्या 'निर्गम'मध्ये त्याचं वर्णन आहे: शुद्ध सोनं ठोकून एकसंध घडवलेला, बदामाच्या फुलांसारख्या वाट्यांचा. त्यात ऑलिव्हचं तेल जळे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. मेनोरा खांद्यावर घेऊन निघालेली त्यांची लुटीची मिरवणूक रोममध्ये टायटसच्या कमानीवर आजही कोरलेली दिसते. मंदिरातल्यासारखा दिवा पुन्हा घडवू नये, असं तालमूद सांगतो. हनुक्काचा दिवा म्हणूनच वेगळा: आठ ज्योती आणि त्या पेटवणारी नववी, 'शमाश'. इ.स.पू. १६४ च्या सुमारास मक्काबींनी मंदिर शत्रूकडून परत घेऊन शुद्ध केलं, तेव्हा एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, ही त्याची कथा. गंमत अशी की मक्काबींच्या ग्रंथांत हा चमत्कार नाहीच. तो येतो पुढच्या काळातल्या तालमूदात.

आता कोकण. परंपरा सांगते की बेने इस्राएलांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. डेव्हिड रहाबी यांना ते भेटले तेव्हा शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांच्यापाशी होती, असं ते सांगतात. सणांची नावं तर अस्सल मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. हनुक्काला मात्र असं जुनं नाव नाही.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. पूर्वज इ.स.पू. १७५ च्या सुमारास, म्हणजे हनुक्का सुरू होण्याआधीच, निघाले असं त्यांचं मत. हनुक्का नाही, म्हणजे प्रस्थान त्याआधीचं, हा तर्क मला मोहात पाडतो, पण पटत नाही. सण विसरलेही जातात, आणि नसलेल्या नावावरून सनावळी ठरवता येत नाही. एवढं मात्र दिसतं: घाण्याचं तेल पोटासाठी होतं, त्याचा मंदिरातल्या तेलाशी संबंध मी जोडला होता. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, आणि इतर ज्यूंचे विधी इथेही रुळले.

पुण्यात रास्ता पेठेत बेने इस्राएलांचं 'सुक्कथ शेलोमो' हे प्रार्थनास्थळ १९२१ पासून उभं आहे. तिथे हनुक्का आता परका नाही. माझ्या टिपणवहीतल्या सणांच्या जुन्या यादीत मात्र हनुक्कापुढची जागा मी कोरी ठेवली आहे.