वीस पेशींची साक्ष

'बग सापडला नाही' आणि 'बग नाहीच' यातला फरक टेस्टिंगवाल्यांना कुणी शिकवावा लागत नाही. गुणसूत्रांच्या तपासणीचा इतिहास वाचताना मला सारखा हाच फरक आठवत होता.

आधी साध्या मोजणीचेच वांधे होते. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं तीसेक वर्षं सगळे धरून चालले होते. १९५६ मध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमध्ये नीट मोजली, ती भरली ४६! १९५९ मध्ये पॅरिसला लेज्यून, गोतिए आणि त्युर्पां यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ४७ मोजली. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये एकाच माणसात दोन प्रकारच्या पेशी दिसल्या, काहींत ४६ तर काहींत ४७.

हाच मोझॅइसिझम. जुन्या घरातली मोझॅइक फरशी आठवा, तसंच शरीर! असं होण्याची एक वाट म्हणजे गर्भ वाढताना एखादं विभाजन चुकतं आणि त्या पेशीच्या सगळ्या वंशजांत ती चूक उतरते. बाकीच्या ब्रँच स्वच्छ.

१९६१ मध्ये क्लार्क, एडवर्ड्स आणि स्मॉलपीस यांनी 'लॅन्सेट'मध्ये डाउनची काही लक्षणं असलेल्या, पण बुद्धीने चांगल्या असलेल्या बालकाची नोंद केली. त्याच्या पेशीही अशाच मिश्र होत्या.

आता खरा प्रश्न. किती पेशी मोजल्या की 'नॉर्मल' म्हणायचं? १९७७ मध्ये अर्नेस्ट हूक यांनी याचे तक्तेच छापले. गणित बारावीचं आहे. समजा १० टक्के पेशी सदोष आहेत आणि तुम्ही २० मोजल्या. सगळ्याच्या सगळ्या चांगल्या निघण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के. वीसच्या वीस चांगल्या निघाल्या तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की १४ टक्के किंवा त्याहून जास्त मोझॅइसिझम नाही. ५० मोजल्या तर ही मर्यादा ६ टक्क्यांवर येते.

बरं, मोजणी वाढवून सगळं सुटत नाही. पॅलिस्टर-किलियन सिंड्रोममध्ये रक्ताचा रिपोर्ट अनेकदा स्वच्छ येतो आणि जादा गुणसूत्र सापडतं त्वचेच्या पेशींत. चुकीच्या ठिकाणी कितीही शोधा, हाती काय लागणार? नंतर आलेल्या फिश तपासणीत शेकडो पेशी पाहता येतात, पण ज्या गुणसूत्राबद्दल विचारलं तेवढ्याचंच उत्तर मिळतं. मायक्रोअ‍ॅरे सगळी गुणसूत्रं पाहतो, पण अनेक पेशींचा डीएनए एकत्र घेऊन. त्यात थोडक्या सदोष पेशी बुडून जातात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे 'नॉर्मल' हा शब्द वाचून आईबाप सुटकेचा श्वास टाकतात, आणि तरी मुलाची लक्षणं मात्र जात नाहीत. तिथे रिपोर्टला खोटं ठरवायची गरज नाही. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: कुठल्या पेशी पाहिल्या, आणि किती?