मूत्रपिंडाचे यंत्र आणि सात माणसे

वैद्यकाच्या विषयावर डॉक्टरांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे, हा व्याख्यानमालांचा संकेत आम्हाला ठाऊक आहे. आमची उभी हयात कामगार संघटनेच्या कचेरीत गेली. शरीरशास्त्र म्हणून जे काही कळले ते सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांवरून आणि आजारी सभासदांच्या उशाशी बसून कळले. तरीही आज आम्ही एका रुग्णालयाची हकिगत सांगायला उभे आहोत, याचे कारण असे की या हकिगतीत कामगार तीनदा येतो : एकदा रोगी म्हणून, एकदा कारागीर म्हणून आणि एकदा चक्क न्यायाधीश म्हणून. तेव्हा विषय आमच्या हक्काचाच आहे.

हे रुग्णालय अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिॲटल या बंदराच्या गावी आहे. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे ते रुग्णालय. राजधानीचे वॉशिंग्टन निराळे. हे त्या नावाचे राज्य. रुग्णालय उघडले १९५९ साली, आणि त्यानंतर अवघ्या वर्षाच्या आत त्याच्या मूत्रपिंड विभागात जे घडले, त्याने साऱ्या जगाच्या वैद्यकाला एक नवा उपाय दिला आणि त्याबरोबरच एक जुना प्रश्न नव्याने विचारला.

आधी मूत्रपिंडाविषयी दोन शब्द. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळायचा, त्यातले उपयोगी ते सारे रक्ताला परत करायचे आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर टाकायचे, हे त्यांचे काम. सुट्टी नाही, पाळी नाही. हे काम थांबले की रक्तात मळ साचतो, पाणी साचते, पोटॅशियम नावाचा क्षार वाढतो आणि माणूस काही दिवसांत जातो.

बारीक पडद्यातून क्षार पलीकडे जातात आणि मोठे कण मागे राहतात, ही गोष्ट टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दाखवली आणि १८६१ साली त्या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव दिले. तिच्यावरून माणसाचे रक्त धुण्याचे यंत्र केले ते विलेम कोल्फ या तरुण डच डॉक्टराने, १९४३ साली, कांपेन या लहानशा गावी. देश जर्मनांच्या ताब्यात, बाजारात काही मिळत नाही. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्याने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि गावातील एनॅमलच्या कारखान्याची मदत घेऊन यंत्र उभे केले. पहिले जवळजवळ सारे रोगी दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात एक ६७ वर्षांची बाई वाचली. ही बाई नाझींच्या बाजूची म्हणून, युद्ध संपल्यावर कैदेत होती. गावात तिच्याविषयी किती राग असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण कोल्फने ती कोण हे पाहिले नाही, तिचे रक्त पाहिले. हा प्रसंग श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

कोल्फच्या यंत्रात एक मोठी अडचण होती. यंत्राला रोगी जोडायचा म्हणजे प्रत्येक वेळी हातापायाची एक रोहिणी आणि एक नीला कापून तिच्यात नळी घालायची. काम झाले की ती रक्तवाहिनी बाद. असे काही वेळा केले की शरीरावर जागाच उरत नाही. त्यामुळे ज्याची मूत्रपिंडे तात्पुरती बंद पडली आहेत, अपघाताने किंवा विषाने, त्याला दोन-तीन आठवडे तगवण्यापुरता या यंत्राचा उपयोग. ज्याची मूत्रपिंडे कायमची गेली, त्याला ते यंत्र असून नसून सारखेच.

सिॲटलला १९५१ साली बेल्डिंग स्क्रिब्नर नावाचे डॉक्टर आले होते. १९६० च्या आरंभी त्यांच्याकडे एक रोगी आला. मूत्रपिंडे तात्पुरती बंद आहेत अशा समजुतीने त्याला यंत्रावर घेतले आणि तो चांगला सुधारला, बोलू-हसू लागला. मग कळले की त्याची मूत्रपिंडे परत चालू होणारच नाहीत. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला घरी मरायला पाठवावे लागले. स्क्रिब्नर पुढे सांगत की हे मनातून जाईना आणि एके रात्री जाग आली ती उत्तर घेऊनच. नळ्या काढायच्याच कशाला? एक नळी रोहिणीत, एक नीलेत, कायमची ठेवावी. आणि यंत्र नसेल तेव्हा दोहोंची बाहेरची टोके एका लहान वाकड्या नळीने जोडून टाकावी. रक्त सतत वाहते राहील. वाहते रक्त गोठत नाही.

कल्पना इतकी सोपी की ऐकून वाटावे, आजवर कोणाला कशी सुचली नाही! पण कल्पना एक आणि वस्तू एक. काचेच्या किंवा रबराच्या नळीत रक्त गोठून बसे. टेफ्लॉन नावाचा एक निसरडा पदार्थ नवा आला होता. तो वापरून पाहा, असे एका शस्त्रवैद्याने सुचवले. आता टेफ्लॉनची नळी वाकवायची कशी? येथे आमचा कारागीर येतो. विद्यापीठाच्या यंत्रशाळेत वेन क्विंटन नावाचा माणूस होता. हा पूर्वी विमानाच्या कारखान्यात काम केलेला गडी, डॉक्टर नव्हे. त्याने नळी तापवून, वाकवून, तिची टोके मनगटाच्या रक्तवाहिनीत बसतील अशी निमुळती करून दिली. शोधाच्या इतिहासात डॉक्टराचे नाव मोठ्या अक्षरांत येते आणि यंत्रशाळेचे नाव तळटीपेत जाते. ही रीत सर्वत्र आहे. पण ज्याने कधी लेथवर हात चालवला आहे त्याला विचारा, हवे ते सांगणे आणि हवे ते घडवणे यांत अंतर किती असते.

९ मार्च १९६० रोजी ही नळी पहिल्यांदा माणसाच्या हातात बसवली. तो माणूस क्लाइड शील्ड्स, वय ३९, बोइंगच्या विमान कारखान्यातील मशिनिस्ट. विमानाचे भाग घडवणाऱ्याच्या हातात, विमानाच्या कारखान्यात शिकलेल्याने घडवलेली नळी! योगायोगच म्हणायचा. शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगला. पुढच्याच महिन्यात स्क्रिब्नर त्याला शिकागोच्या वैद्यक परिषदेत घेऊन गेले आणि नळी कशी करायची व कशी बसवायची ते इतर डॉक्टरांना खुलेपणाने दाखवले. शोध दडवून ठेवण्याचा विचार त्यांना शिवला नाही. पुढे ४२ वर्षांनी, २००२ साली, कोल्फ आणि स्क्रिब्नर या दोघांना मिळून लास्कर पारितोषिक देण्यात आले.

आता खरी गोष्ट सुरू होते. मूत्रपिंड गेलेला माणूस आठवड्यातून दोनदा रात्रभर यंत्राला जोडला की जगतो, हे सिद्ध झाले. पण किती दिवस? तर जन्मभर. आणि खर्च? एका माणसामागे वर्षाला १५ हजार डॉलरच्या घरात. त्या काळी सामान्य अमेरिकन कुटुंबाचे सालाचे उत्पन्न सहा हजार डॉलरच्या आसपास होते. विमा कंपन्या हा खर्च उचलायला तयार नव्हत्या. विद्यापीठाच्या रुग्णालयालाही असे जन्माचे रोगी किती घेता येतील, ही विवंचना पडली. म्हणून देणगीच्या पैशातून, स्थानिक डॉक्टरमंडळींच्या सहाय्याने, १९६२ च्या जानेवारीत गावातल्या दुसऱ्या एका इस्पितळाच्या आवारात कृत्रिम मूत्रपिंड केंद्र काढण्यात आले. खाटा तीन.

खाटा तीन आणि दारात माणसे कितीतरी. डॉक्टर म्हणाले, वैद्यकीय चाळणी आम्ही लावू, पण त्यातून उरलेल्यांत कोणी जगायचे हे आम्ही एकट्याने ठरवू नये. ते समाजाने ठरवावे. मग समाजाच्या वतीने सात जणांची समिती नेमली गेली. एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक शस्त्रवैद्य आणि एक कामगार पुढारी. त्यांची नावे गुप्त राहिली. १९६२ च्या नोव्हेंबरात शाना अलेक्झांडर या बातमीदार बाईंनी ‘लाइफ’ साप्ताहिकात या समितीवर लेख लिहिला आणि देशभर खळबळ उडाली.

समितीने काय पाहावे? वय पाहिले, लग्न झाले आहे का, मुले किती, मिळकत किती, शिक्षण किती, मन खंबीर आहे का, नोकरी कोणती, पूर्वी काय केले, पुढे काय करील. राज्याचा रहिवासी असला पाहिजे, हेही. एकदा वाद असा पडला की ज्याने काटकसर करून बायकामुलांची तजवीज करून ठेवली आहे, तो गेला तरी घर उघड्यावर पडत नाही. तेव्हा खाट दुसऱ्याला द्यावी काय? म्हणजे शहाणपणाने वागल्याची शिक्षा मरण! आणखी एक विचार निघाला की तीन मुलांच्या विधवेला दुसरा नवरा मिळण्याची शक्यता सहा मुलांच्या विधवेपेक्षा जास्त. ही माणसे दुष्ट नव्हती. फुकट काम करीत होती, आणि रात्री त्यांना झोप लागत नसली तर आम्हाला नवल वाटणार नाही.

त्या समितीतील कामगार पुढाऱ्याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. तो आमच्या जातीचा माणूस. त्याच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते? कपातीची यादी करताना आमच्यावर अशी पाळी येते. मालक म्हणतो, चांगले कामगार ठेवतो, वाईट काढतो. आम्ही म्हणतो, चांगले-वाईट आम्हालाही नको आणि तुम्हालाही नको. जो शेवटी आला तो आधी जाईल. हे तत्त्व आपल्याकडे १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात आले, ते सुखासुखी नव्हे. ते आंधळे आहे, हे आम्ही जाणतो. चार मुलांचा बाप कधी त्यात जातो आणि सडाफटिंग राहतो. तरी आम्ही ते धरून ठेवतो. कारण ‘लायकी’ची मोजपट्टी एकदा माणसाच्या हाती दिली की मोजणारा आपल्यासारख्या दिसणाऱ्यालाच लायक समजतो. सिॲटलच्या समितीवर १९६८ साली एका वैद्याने आणि एका कायद्याच्या प्राध्यापकाने हाच ठपका ठेवला. त्यांचे म्हणणे असे की या समितीपुढे थोरोसारखा मनस्वी, एकांडा माणूस आला असता तर त्याला यंत्र मिळाले नसते. थोरो म्हणजे गांधीजींनी ज्याचे लेख आदराने वाचले, तोच.

कोल्फच्या कैदी बाईला तर या समितीने दारातही उभे केले नसते.

मात्र सिॲटलची मंडळी वाद घालीत बसली नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९६४ साली स्क्रिब्नर यांनी आपल्याच व्यवसायबंधूंच्या परिषदेत अध्यक्षपदावरून हा नीतीचा प्रश्न उघडपणे मांडला. त्याच सुमारास एका शाळकरी मुलीला वयात बसत नाही म्हणून समितीने नकार दिला होता. विद्यापीठात अणुइंजिनियरिंगचे प्राध्यापक लेस बॅब होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिन्यांत घरी ठेवता येईल असे यंत्र तिच्यासाठी तयार केले. बिघाड झाला तर आपोआप सूचना देणारे. आईने ते चालवायला शिकून घेतले. मुलगी आणखी काही वर्षे जगली, आणि समितीच्या दाराला बगल देणारी वाट सापडली. रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना शिकवून घरीच रक्त धुवायचे, ही पद्धत सिॲटलने मनापासून चालवली. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी रोहिणी आणि नीला त्वचेखालीच जोडण्याची शस्त्रक्रिया काढली आणि बाहेरची नळी हळूहळू मागे पडली. १९६८ साली सिॲटलच्याच हेन्री टेंकहॉफ यांनी पोटात बसवायची नळी केली; तिने पोटातील पडद्याचाच गाळणीसारखा उपयोग करता येऊ लागला.

पण समिती गेली ती यंत्राने नव्हे, कायद्याने. रोगी संघटित झाले, ही गोष्ट डॉक्टर सांगताना विसरतात. १९६९ साली न्यूयॉर्कात डायलिसिसवरच्या रोग्यांनी आपली संघटना काढली. तिचे एक पदाधिकारी शेप ग्लेझर यांनी १९७१ च्या नोव्हेंबरात अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना स्वतःला यंत्र जोडून घेतले. आपले रक्त नळीतून फिरताना आमदारांनी पाहावे म्हणून! इतका परिणामकारक मोर्चा आम्ही तरी दुसरा पाहिला नाही. १९७२ च्या सप्टेंबरात सिनेटर हार्टके यांनी दुरुस्ती मांडली, ती ५२ विरुद्ध ३ मतांनी संमत झाली. ३० ऑक्टोबरला निक्सन यांची सही झाली आणि १ जुलै १९७३ पासून मूत्रपिंड गेलेल्या जवळपास प्रत्येक अमेरिकनाचा डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यातून निघू लागला. शील्ड्स १९७१ साली वारला होता.

या कायद्यालाही दुसरी बाजू आहे. मूत्रपिंडाला न्याय मिळाला. हृदयाचे, रक्ताचे, इतर रोगांचे रोगी बाहेरच राहिले. हे पहिले पाऊल आहे, सर्वांचा विमा मागोमाग येईल, असे पुष्कळांना वाटले होते. तो आला नाही. शिवाय पैशाची हमी मिळताच नफ्यासाठी चालणारी केंद्रे निघाली. कायद्याआधी सुमारे ४० टक्के रोगी घरी डायलिसिस करीत. नंतर ते प्रमाण झपाट्याने घसरले, कारण रोगी केंद्रात येण्यात चालकांचा फायदा होता. आज अमेरिकेत पाच लाखांहून अधिक माणसे डायलिसिसवर आहेत.

आपल्याकडे २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी ही सोय होऊ लागली. चांगली गोष्ट आहे. परंतु यंत्र फुकट मिळाले तरी आठवड्यातून दोन-तीन रोज बुडतात, एस. टी.चे भाडे पडते आणि सोबतीला आलेल्याचाही रोज बुडतो. अशा वेळी माणूस स्वतःच एक दिवस गाळतो. तेथे कोणतीही समिती बसलेली नसते. निवड मात्र होते.

स्क्रिब्नर २००३ साली वारले. त्यांच्या विद्यापीठात २००८ पासून मूत्रपिंड संशोधनाची स्वतंत्र संस्था आहे. १९६२ चे ते तीन खाटांचे केंद्रही मोठे होऊन आजवर चालू आहे. २०१४ साली याच विद्यापीठाच्या रुग्णालयात कमरेला पट्ट्यासारखे बांधायचे, सुमारे साडेचार किलो वजनाचे यंत्र सात रोग्यांवर चोवीस तासांपर्यंत वापरून पाहिले गेले. ते अंगावर घेऊन रोगी हिंडूफिरू शकत होते. यंत्रात दोष निघाले म्हणून प्रयोग मध्येच थांबवावा लागला. दोष वैद्यकाचे नव्हते, बनावटीचे होते. म्हणजे काम पुन्हा यंत्रशाळेकडे आले आहे.