थॅलेसेमिया : हृदयात साठलेलं लोह एमआरआयने कसं मोजतात?

थॅलेसेमिया मेजर असलेल्या रुग्णांना साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय मात्र शरीराकडे नाही. त्यामुळे ते यकृतात आणि हृदयात साठत जातं.

रक्ततपासणी पुरेशी का नाही?

फेरिटिनच्या तपासणीतून लोहाचा अंदाज येतो. पण जंतुसंसर्ग झाला तरी फेरिटिन वाढतं. शिवाय यकृतात लोह कमी असूनही हृदयात ते जास्त असू शकतं.

एमआरआयमध्ये काय दिसतं?

एमआरआय मशीनला शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून सिग्नल मिळतो. साठलेल्या लोहामुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र विस्कळीत होतं आणि हा सिग्नल लवकर विरतो. तो किती वेळात विरतो, त्या मापाला 'टी-टू स्टार' म्हणतात. लोह जितकं जास्त, तितका हा आकडा कमी. हृदयाचा आकडा २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त असेल तर काळजी नसते. तो १०च्या खाली गेला, तर हृदय निकामी होण्याचा धोका खूप वाढतो. लंडनमधल्या डॉक्टरांनी २००१मध्ये ही पद्धत मांडली. यात सुई टोचावी लागत नाही आणि एक्स-रेसारखे किरणही नसतात.

याचा फायदा काय?

लोह साठत असतानाही इकोमध्ये हृदय बराच काळ नॉर्मल दिसू शकतं. त्रास सुरू होतो तेव्हा उशीर झालेला असतो. टी-टू स्टारचा आकडा आधीच घसरलेला दिसला, तर लोह बाहेर काढणारी औषधं वाढवता किंवा बदलता येतात. वेळेत उपचार मिळाले तर हृदयातलं लोह कमी होऊ शकतं.