धूळ फुकट होती, तरी अक्षर मिळाले नाही

उमरेडचे नाव निघाले की लोकांना कोळशाच्या खाणी आठवतात, कोष्ट्यांची धोतरे आठवतात आणि अलीकडे कऱ्हांडल्याचे वाघ आठवतात. आंबेडकरी चळवळीतल्या माणसाला मात्र आधी आठवायला हव्यात जाईबाई चौधरी. १८९२ साली उमरेडच्या एका महार कुटुंबात त्या जन्मल्या. १८९६ च्या दुष्काळात कुटुंब गाव सोडून नागपुरात आले. १९०१ मध्ये, खेळायच्या वयात, त्यांचे लग्न झाले. पुढे पोटासाठी त्यांनी नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावरून ओझी वाहिली. या हमाल बाईला लिहिता-वाचता येते हे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंनी हेरले आणि मिशनच्या शाळेत तिला शिक्षिकेची नोकरी दिली. पगार महिना चार रुपये. बाई अस्पृश्य आहे हे कळले तेव्हा लोकांनी ओरड केली आणि नोकरी गेली.

त्या शाळेत पाटी होती, फळा होता, खडू होता. शिकवणारी बाई हुशार होती. अडचण साधनांची नव्हती. खडू कोणाच्या हातात आहे, ही अडचण होती.

आज सगळीकडे डिजिटल शाळा, स्मार्ट टीव्ही, टॅब, ॲप यांची चर्चा आहे. आपल्यातले काही तरुण म्हणतात, हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत. दुसरे म्हणतात, एकदा प्रत्येक पोराच्या हातात टॅब आला की जात आपोआप मागे पडेल. दोन्ही गट चुकतात, असे माझे मत आहे. कारण शिकवण्याची नवी साधने या देशात काही पहिल्यांदा येत नाहीत. ती आधीही आली आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांचे काय झाले हा इतिहास आपल्यासमोर आहे.

धूळपाटीपासून सुरुवात करू

आपल्याकडचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे धूळपाटी. पाटावर धूळ किंवा वाळू पसरायची, बोटाने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या एका अनाथालयाचा कारभार पाहत होता. मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिले आणि ती पद्धत आपल्या शाळेत आणली. पुढच्या मुलाने मागच्याला शिकवायचे, ही रीतही तिला जोडली. इंग्लंडमध्ये परतल्यावर त्याने ती छापून प्रसिद्ध केली आणि तिकडच्या गरिबांच्या शाळांमध्ये हजारो मुले तिच्यावर शिकली.

इंग्लंडच्या गरिबाला जी वाळू अक्षर देऊ शकली, तिने इथल्या महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या पोराला का दिले नाही? वाळूला पैसे पडत नव्हते. वीज लागत नव्हती. बोट प्रत्येकाला होते. तरी हजारो वर्षे अक्षर मिळाले नाही. म्हणून "साधने महाग होती, देश गरीब होता, त्यामुळे तुम्ही मागे राहिलात" असे कोणी सांगू लागले, तर त्याला एकच विचारायचे : धूळ कितीला मिळत होती?

इंग्रजी राज्यात सरकारी शाळा आल्या. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. शाळा सरकारच्या पैशाने चालत होती, तरी प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने मान्य केले की न्याय मुलाच्या बाजूने आहे. पण एकासाठी बाकीच्यांना दुखवायचे नाही, म्हणून हस्तक्षेप केला नाही. बाबासाहेबांनी हे प्रकरण आपल्या लेखनात मुद्दाम नोंदवून ठेवले आहे.

फळ्यामागचे डबे

पुढचे साधन फळा. एका मास्तराला एकाच वेळी चाळीस-पन्नास मुलांना शिकवता येऊ लागले ते फळ्यामुळे. शाळेच्या इतिहासातली ही मोठी क्रांतीच. आता हा फळा बाबासाहेबांच्या आयुष्यात कसा येतो ते पाहा.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले. क्षणात वर्गात गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापाशी पोचण्याआधी पोरांनी धावत जाऊन डबे काढून घेतले. नंतर भीमरावांनी गणित सोडवले.

ही गोष्ट आपण भाषणात अनेकदा सांगतो; पण तिच्यातला शिक्षणशास्त्राचा मुद्दा सहसा सांगत नाही. नवे साधन वर्गात आले, पण वर्गाची मांडणी जुनीच राहिली. फळा सगळ्यांना दिसत होता. त्याला हात लावण्याचा हक्क सगळ्यांचा नव्हता. आणि फळ्याच्या पुढच्या बाजूला गणित असले, तरी मागच्या बाजूला जात दडवून ठेवलेली होती. कुठलेही नवे साधन आले की आपण त्याच्या मागे जाऊन पाहिले पाहिजे.

जोतीराव फुल्यांनी हे आधीच ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी नुसत्या शाळा वाढवा असे म्हटले नाही. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, असे म्हटले. आणि शिक्षक शेतकरी वर्गातून, प्रशिक्षण दिलेले, लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा जाणणारे असावेत, असेही ठणकावून सांगितले. शिकवणारा कोण, हा प्रश्न जोतीरावांनी शाळेच्या मध्यभागी ठेवला.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी आकडे मांडले : प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. मूल शाळेच्या दारात येते की नाही एवढ्यावर ते थांबले नाहीत. आलेले मूल टिकते की नाही, हे त्यांनी मोजले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२४ पासून वसतिगृहे आणि वाचनालये यांवर भर दिला तो याच कारणाने. पुस्तक आहे, पण वाचायला जागा आणि दिवा नाही, तर पुस्तकाचा उपयोग काय?

टकळी की यंत्र?

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. उमरेड काय, नागपूर काय, वर्धा आपल्या शेजारचेच. गांधीजींनी तिथे नई तालीमची कल्पना मांडली : सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा असे. टकळी हे त्या शिक्षणाचे मुख्य साधन झाले. हाताने काम करून शिकणे यात वाईट काही नाही. पण ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या हातानेच काम केले, ज्याच्यावर जातीने काम लादले, त्याच्या मुलाला शाळेतही आधी कष्ट आणि मग अक्षर? आणि शाळेचा खर्चही त्यानेच काढायचा? ज्यांची मुले बॅरिस्टर व्हायला विलायतेला जात होती, त्यांच्या हाती कोणी टकळी दिली नव्हती.

त्याच वर्षी डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले. शिकलेल्या, सुधारक म्हणवणाऱ्या स्त्रियांचे ते व्यासपीठ. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाई चौधरी आणि इतर अस्पृश्य स्त्रियांना वेगळे बसवले गेले. तोवर जाईबाई स्वतः शाळा चालवत होत्या, चळवळीत पुढे होत्या. तरी पंगत वेगळी. हा अपमान आपल्या बायांनी गिळला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी स्वतंत्र परिषद घेऊन त्याचा जाहीर निषेध केला.

यंत्राबद्दल बाबासाहेबांची भूमिका स्वच्छ होती. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाचा यंत्रविरोध खोडून काढला. त्यांचा युक्तिवाद असा : यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून सोडवते, फुरसत देते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जगणे शक्य नाही. यंत्रापासून जे वाईट घडते त्याचा दोष यंत्राचा नाही. खासगी मालकीला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून लोकशाही मानणाऱ्या समाजाने यंत्रे नाकारायची नाहीत, समाजरचना बदलायची, म्हणजे यंत्राचा लाभ सगळ्यांना होईल.

शैक्षणिक तंत्रज्ञानाबद्दल आंबेडकरी भूमिका काय असावी, याचे उत्तर या युक्तिवादात आहे. टॅबला विरोध नाही. टॅब कोणाच्या मालकीचा, कोणाच्या सोयीचा आणि कोणाला वगळून, हा आपला प्रश्न.

पडदा आला, दार उघडले नाही

स्वातंत्र्यानंतर पडदा आला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक दूरदर्शनचा 'साइट' प्रयोग झाला. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्याला बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी सरकारी पैशाने शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी ही संस्था. खासगी कंपन्या शिकवणीचे ॲप विकत घरोघर फिरू लागल्या त्याच काळात, २०१७ मध्ये, सरकारने ती बंद केली. जनतेची संस्था संपली आणि बाजार मोकळा झाला.

२०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला. त्या काळात जिल्हा परिषदेच्या हजारो शाळा डिजिटल झाल्या आणि त्यातला मोठा वाटा लोकवर्गणीचा, याचे फार कौतुक झाले. शिक्षकांच्या मेहनतीला सलाम. पण वर्गणी गावाच्या ऐपतीप्रमाणे जमते. बागायती गावात टीव्ही, प्रोजेक्टर, रंगरंगोटी सगळे होते. भूमिहीन मजुरांच्या वस्तीवरच्या शाळेने वर्गणी कोणाकडे मागायची? शिक्षण हा हक्क आहे म्हणायचे आणि त्याचे साधन वर्गणीवर सोडायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही. शिवाय वीजबिल थकले म्हणून शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यभरातून वर्षानुवर्षे येतात. वीज नसलेला स्मार्ट टीव्ही म्हणजे भिंतीवरचा काळा चौकोन. त्यापेक्षा जुना फळा बरा.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. कोणाचे सुरू? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १५ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये झालेल्या 'स्कूल' पाहणीत दिसले की ग्रामीण भागातल्या दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकत होती फक्त ४ टक्के. इतर ग्रामीण मुलांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते. केरळसारख्या राज्यात, जून २०२० मध्ये, घरचा टीव्ही बिघडलेला आणि स्मार्टफोन नाही म्हणून ऑनलाइन वर्गाला मुकलेल्या एका दलित मजुराच्या शाळकरी मुलीने जीव दिला. १९२७ साली बाबासाहेबांनी मोजलेल्या ८२ मुलांची ती वारसदार होती.

याच काळातले दुसरे चित्रही सांगितले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचे श्रेय त्यांना जाते. सरकारी शाळेतला एक शिक्षक तंत्रज्ञान हाती घेऊन काय करू शकतो, याचा हा पुरावा. पण शाळा होती, शिक्षक होता, म्हणून कोड चालला.

आणि नेमके तेच दोन्ही काढून घेण्याचा डाव दिसतो. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव पुढे आला. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक. मोठ्या शाळेत चांगल्या सुविधा मिळतील, हे त्यामागचे समर्थन. कमी पटाच्या शाळा कुठे असतात? तांड्यावर, पाड्यावर, जंगलाकाठच्या वस्तीवर. म्हणजे सुविधेचे नाव घेऊन पायाखालची शाळाच काढून घ्यायची. लांबच्या शाळेत पहिली कोण जाणे बंद करते, हे सांगायला संशोधन लागत नाही. मुलगी.

मग करायचे काय?

जाईबाईंनी नोकरी गेल्यावर काय केले? १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात आपल्या मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. खडू पुन्हा हातात घेतला, आणि या वेळी तो हिसकावून घेणारे कोणी वर नव्हते.

आपल्याला आज दोन्ही करायचे आहे. शासनाकडून हक्क घ्यायचा आणि आपले हातही लावायचे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. आपल्या वस्तीतल्या आयाबाया त्या समितीवर आहेत का? की नावापुरत्या सह्या आहेत? समितीत बसून विचारा : टीव्ही चालू आहे का? टॅब कपाटात कुलूपबंद आहेत का? किल्ली कोणाकडे? वीजबिल कोण भरते? कोणती मुले पुढे बसतात आणि कोणती मागून पाहतात? उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम पाठ करून ठेवा आणि शाळा बंद करायला आलेल्याला तो ऐकवा.

दुसरे, विहार. नागपूर जिल्ह्यात विहारांमध्ये अभ्यासिका चालवण्याची परंपरा आहे. तिथे दिवा आहे, जागा आहे, शांतता आहे. एक चांगला संगणक आणि इंटरनेट तिथे आणणे वस्तीला अवघड नाही. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च एकदा मोजून पाहा. पण नुसते यंत्र ठेवून निघून जाऊ नका. पदवीला असलेल्या पोरीने सातवीतल्या पोरांना रोज तासभर सोबत बसवावे. पडद्यावरचे समजले का, हे विचारणारे माणूस शेजारी लागते.

उमरेडच्या शाळेत उद्या स्मार्ट बोर्ड बसला तर आनंदच आहे. त्याचे उद्घाटन होईल, फीत कापली जाईल, फोटो निघतील. त्या दिवशी तिथे जा. फोटो झाल्यावर शेवटच्या बाकावरच्या मुलीला उठवून बोर्डाकडे न्या आणि तिच्या बोटाने त्यावर अक्षर काढून घ्या.

जय भीम!